नाडीबाबाची बाही

नाडीबाबाची नाडी बंद पडायची वेळ झाली की तांड्यावरची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात, असं तांड्याचे प्रमुख मदनसिंग नाईक छातीठोकपणे सांगत. कुत्री काही थांबत नव्हती. पण मानोरा गावाजवळच्या त्या तांड्यावर शंभरेक माणसं श्वास रोखून बसत, एवढं मात्र खरं.

बाबा ढगळ कफनीत यायचा, रोग्याला समोर बसवायचा आणि गर्जायचा, "तुझा रोग मी माझ्या रक्तात ओढतो! माझी नाडी थांबेल, तुझी शुद्ध होईल!" मदनसिंग बाबाचं मनगट धरत. नाडी हळूहळू मंद व्हायची आणि चक्क गायब! मिनिटभराने ती परतली की लोक नारळ घेऊन धावत.

या गर्दीत पहिल्या रांगेत तांड्यावरच्या रुपाबाईचा नवरा राजपाल बसलेला असे. तो चौतीस वर्षांचा, ऊसतोडीत दोन माणसांचं काम ओढणारा. बारा वर्षांपासून त्याला सोरायसिस होता. कोपरांवर, दंडांवर लाल चट्टे आणि त्यांवर पांढरे खवले. ते झाकायला तो भर उन्हाळ्यातही पूर्ण बाहीचा सदरा घाली. हल्ली सोयाबीनचं पोतं उचललं की त्याची छाती भरून यायची. आरोग्य उपकेंद्रातल्या सुकेशनी सिस्टरने तीनदा बजावलं होतं, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घे. पण बीपी मोजायचं तर बाही वर करावी लागते, आणि बाही वर केली की अख्खा तांडा बघतो. राजपालने तिन्ही वेळा पळ काढला होता.

आता तर बाबाने दिलेल्या मलमाने पंधरा दिवसांत चट्टे फिके पडले होते. परवा ऊसतोडीची गाडी निघणार होती. एकदा निघाली की सहा महिने तपासणीचं नाव नको.

"मले बाबानं बरं केलं," राजपाल म्हणाला. "आता तुह्या सिस्टरचं काय काम?"

"मंग दम काहून लागून राह्यला?" रुपाबाईने विचारलं. राजपालने बाही आणखी खाली ओढली.

रुपाबाईला आणखी एक गोष्ट खटकत होती. बाबाला रोज एक लिंबू लागे, तिच्याच झाडाचं. निवड मात्र सोयरीक जुळवावी तशी. कच्चं हवं, टणक हवं. पिवळं, रसाळ दिलं की परत! सरबताला नको, लोणच्याला नको, असलं लिंबू या माणसाला कशाला हवं? तिने उपकेंद्रात जाऊन सुकेशनीला विचारलं. सुकेशनी इतकी हसली, की तिला टेबल धरावं लागलं.

"उद्या चांगलं टणक पाहून द्या," ती म्हणाली. "मी येते."

दुसऱ्या दिवशी बाबा गर्जला, मदनसिंगांनी मनगट धरलं. "गेली! नाडी गेली!"

"मंग तर जिवाले धोका!" म्हणत सुकेशनी पुढे झाली. तिने बाबाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि दुसरं टोक मदनसिंगांच्या कानात घातलं. नाईकांचे डोळे विस्फारले.

"अरे, काळीज तं धडधड करून राह्यलं! मोठ्या जोरात!"

"भेलं असन," रुपाबाई मागून म्हणाली. लोक खुदकन हसले.

"आता बीपी. बाबाजी, दंड मोकळा करा."

"समाधी! समाधी!" बाबा पुटपुटला. दंड अंगाला घट्ट चिकटलेला. पट्टा गुंडाळायला सुकेशनीने तो उचलला मात्र, कफनीतून टपकन लिंबू पडलं आणि गडगडत रुपाबाईच्या पायाशी आलं.

"हे तं माह्यं!"

"काखेत टणक गोळा दाबला की हाताकडं जाणारी रक्ताची नळी दबते," सुकेशनीने सांगितलं. "मनगटात नाडी लागत नाही, काळीज मात्र चालूच राहते. पिकलं लिंबू दाबलं असतं तं फुटलं असतं."

मग काय, जो तो लिंबू शोधायला लागला. पाच मिनिटांत तांड्यावर सात सिद्धपुरुष तयार झाले. खुद्द बाबाला तेवढ्यात शिरपूरची बस आठवली.

"पण माह्ये चट्टे तं गेले ना?" राजपाल हट्टाला पेटला होता.

सुकेशनीने मलमाची डबी हातात घेतली. "याच्यात जोरदार स्टिरॉइड असन, असा माह्या अंदाज आहे. तपासाले पाठवते. डॉक्टर ते बेतानं देतात. असं मनमानी लावून एकदम सोडलं, तं रोग दुप्पट उसळू शकते. आन राजपालभाऊ, कातडीवर दिसते तशी आग आत रक्ताच्या नळ्यांतही असू शकते. सोरायसिसवाल्याले काळजाचं दुखणं तरुणपणीच लागायचा धोका जास्त. लागनच असं नाही, पण मोजल्याबिगर समजन कसं? आन सगळ्यांनी ऐका, हा रोग शिवल्यानं लागत नाही."

सगळ्यांच्या नजरा राजपालच्या बाहीवर खिळल्या. तो मान खाली घालून उठायला लागला.

"बसा," रुपाबाई म्हणाली. लिंबू तिच्या मुठीत होतं. "बाबाची बाही उघडी पडली, त्याले लाज नाही वाटली. तुमाले कायची वाटते? तुमी काय लिंबू लपवलं?"

राजपाल खाली बसला. त्याने बाही दंडापर्यंत वर सारली. पट्टा फुगला, उतरला. सुकेशनीचं हसू मावळलं.

"एकशेसाठ, एकशेचार. छाती भरून येते म्हणता ना? आताच मानोऱ्याच्या दवाखान्यात चला."

"ऊसतोडीच्या मुकादमाले मी सांगतो," मदनसिंग खाकरून म्हणाले. "गाडी थांबन."

बाबाची नाडी थांबलेली बघायला शंभर माणसं जमली होती. राजपालची बाही वर व्हायला बारा वर्षं लागली. तुमच्या घरात कुणी चट्टे झाकायला असा सदरा घालून वावरत असेल, तर त्याच्याजवळ बसा, त्याची बाही वर करा आणि त्याचं बीपी मोजून घ्या.