ठेवणीतली भाषा

मायक्रोफोन समोर आला आणि टायपिस्टकाकांच्या आईने ठेवणीतली भाषा बाहेर काढली. "नमस्कार. आमच्या गावचा निसर्ग अतिशय रमणीय होता," ती एकेक शब्द तोलून म्हणाली. बातम्या ऐकऐकून कमावलेली भाषा ती. प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. त्यांना हवी होती तिच्या गावची, टेकडीपलीकडची बोली, आणि म्हातारी तर त्यांच्याहून शुद्ध बोलत होती.

प्राध्यापक लॅटिनच्या लेकींचं तुलनात्मक व्याकरण लिहीत होते. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या आज तोऱ्यात मिरवणाऱ्या भाषा पंडितांच्या लॅटिनमधून आल्या नाहीत. बाजारात, शिपायांच्या छावणीत जे बोललं जाई आणि ज्याला शहाणे लोक नाकं मुरडत, त्यातून आल्या. हे वाक्य काकांनी सात मसुद्यांत सात वेळा टाइप केलं होतं, पण ते आपल्यालाही लागू पडतं हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. शेवटच्या प्रकरणासाठी प्राध्यापकांना आजची अशीच एक हिणवलेली बोली हवी होती. ती बोलणारं माणूस शोधत ते वर्षभर वणवण फिरले. समोरच्या टेबलावर काका मान खाली घालून टाइप करत राहिले. परवा काकांच्या निवृत्तीचे कागद भरताना जन्मगाव दिसलं, तेव्हा कुठे काखेतला कळसा सापडला.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी काकांच्या एका वाक्यावर सगळं ऑफिस हसलं होतं. तेव्हापासून तीस वर्षं जिभेला कुलूप. आई राहायला आली तेव्हा तिलाही त्यांनी बजावलं, घरातसुद्धा नीट बोलायचं. ती नीट बोलू लागली, आणि हळूहळू फार कमी बोलू लागली.

"आजी, गावाकडचं बोला ना," प्राध्यापक काकुळतीला आले.

"आमच्या घरात तसलं कोणी बोलत नाही," आई म्हणाली. मुलाची अब्रू राखायला ती धडधडीत खोटं बोलत होती. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गप्प बसले असते तर सुटले असते. पण त्यांनी घसा खाकरला आणि तिच्याच बोलीत, अडखळत, म्हटलं की बकरी विहिरीत पडली होती ती गोष्ट सांग.

आई बघतच राहिली. मग जी सुटली, ती थांबेना. बकरीला वाचवायला तिच्या बापाने विहिरीत उडी मारली, बकरी त्याच्याच पाठीवर पाय देऊन वर आली, आणि बाप संध्याकाळपर्यंत खालून शिव्या देत राहिला. शिव्यांसकट सगळं आलं. प्राध्यापक लिहायचं विसरून हसत होते. काकांना राहवलं नाही, त्यांनीही मध्ये त्याच बोलीत एक वाक्य घातलं.

आई थांबली. प्राध्यापकांकडे वळून ओशाळल्यागत म्हणाली, "साहेब, याचं तेवढं घेऊ नका. फार अशुद्ध बोलतो."

प्राध्यापकांनी यंत्र बंद केलं. काकांनी तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. आईने नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या खेपेला मात्र तिचा चेहरा खुलला.

"हं, आता लावा," ती म्हणाली.