सासूबाईंचं अर्धं वाक्य

मयुरानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला न ठेवला, तोच परीक्षक महादेवरावांनी पुढचा प्रश्न टाकला.

"कोणी नुसतं 'दार' म्हटलं, तर ऐकणारा 'लाव' हा शब्द मनातून घालतो, असं काही मीमांसक म्हणतात. दुसरे म्हणतात, शब्द कशाला, अर्थ घातला की पुरे. मान्य. पण ऐकणाऱ्यानं भलतंच घातलं तर?"

मयुराच्या पीएच.डी.ची ही खुली मौखिक परीक्षा. नागपूरच्या रामदासपेठेतल्या त्या हॉलमध्ये मोजकी माणसं होती आणि शेवटच्या रांगेत तिच्या सासूबाई, सुभद्राबाई. खापरखेड्याच्या घरून न सांगता मागोमाग आलेल्या! सासू परीक्षेला येऊन बसल्यावर कोणाची बोबडी वळणार नाही?

पाठ केलेलं काहीच आठवेना. शेवटी तिनं खरं तेच सांगून टाकलं.

"सर, आज सकाळी माझ्या सासूबाई म्हणाल्या, 'एवढं शिकली, आता…' आणि आत गेल्या. मी त्यात 'बस कर' घातलं. कॉलेजातली नोकरी मिळालीय, तिला नकार कळवायचं ठरवलं आणि तशीच निघाले. पण ते शब्द माझ्या भीतीनं घातलेले. बरोबर की चूक, कोण जाणे."

ती नोकरी तिला जिवापाड हवी होती.

"बोलणाऱ्यालाच विचारू की," महादेवराव म्हणाले. "कुठं आहेत सासूबाई?"

सुभद्राबाई पदर सावरत उठल्या.

"आता दोन घास खाऊन जाय, म्हनत होती मी! तेवढ्यात दूध उतू गेलं, म्हनून आत पयाली. येऊन पाह्यलं तं पोरगी गायब. उपाशीपोटी बोलन कशी, म्हनून डबा घेऊन आली मागंमागं."

हॉल खो खो हसला. मयुराही आनंदानं हसली.

"आणि नोकरी, आई?"

"थे काहून सोडून राहिली वं? पोरगी डॉक्टर झाली म्हनून कालच पुऱ्या कॉलनीत पेढे वाटून आली ना मी!"

"अहो बाई, पण निकाल तर अजून…"

महादेवराव मध्येच थांबले. सुभद्राबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. आता सगळा हॉलच बघू लागला.

महादेवरावांनी निकालाचा कागद पुढं ओढला, खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं.