एका कामाची एक खुर्ची

"एक मिनिट म्हणजे एकच मिनिट!" फोटोवालीने टेबलावरची घंटा वाजवली आणि बेकरीवालीने उरलेलं वाक्य चहाबरोबर गिळलं. केकच्या नव्या खोक्यांबद्दल तिला अजून बरंच बोलायचं होतं, पण घंटेपुढे कुणाचं चालत नसे.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दुकान, कारखाना, क्लास चालवणाऱ्या वीसेक बायका जमत. प्रत्येकीने उभं राहून एका मिनिटात सांगायचं, मी काय करते आणि मला काय हवंय. मग बाकीच्यांनी आपली गिऱ्हाइकं तिच्याकडे धाडायची. नियम एकच. एका कामाला एकच खुर्ची, म्हणजे आपसात हेवेदावे नकोत. हा नियम बावीस वर्षांपूर्वी केला होता पडदे शिवणाऱ्या काकूंनी, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

आज मात्र काकूंचं लक्ष नव्हतं. निघायच्या आधी सरकारी दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला होता. मुलांच्या वॉर्डातल्या पलंगांना या बायकांनी मिळून पडदे द्यायचं ठरवलं होतं. कापड कापडवालीचं, शिलाई काकूंची. सव्वीस पडदे दवाखान्याने धुवून काल टांगले आणि सगळेच्या सगळे आखूड निघाले. "गादीच्या वरच संपतात हो," सिस्टर म्हणाली होती. "मोठ्या मुली ड्रेसिंगच्या वेळी रडकुंडीला येतात. काहीतरी करा ना."

भिंतीकडच्या पाहुण्यांच्या बाकावर सुई बसली होती. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोचरी, म्हणून काकूंनीच तिला हे नाव ठेवलं होतं. काकूंकडे चार वर्षं शिकून तिने पलीकडच्या गल्लीत स्वतःचं मशीन टाकलं. त्यालाही सहा वर्षं झाली. दर वर्षी ती सभेत यायला मागायची आणि दर वर्षी काकू म्हणायच्या, "पडद्यांची खुर्ची भरलेली आहे गं." आज फोटोवाली तिला पाहुणी म्हणून घेऊन आली होती, काकूंना न विचारता. ते काकूंना चांगलंच झोंबलं होतं.

अध्यक्ष होत्या औषधांच्या दुकानवाल्या ताई. त्यांनी चष्मा वर सरकवला. "दवाखान्यातून मलाही फोन आला होता. पाच इंच कमी म्हणे. असं कसं झालं?"

काकूंनी तोंड उघडायच्या आत कापडवाली उभी राहिली. तिचा चेहरा पार उतरला होता. "माझंच चुकलं. कापड आटलं असणार. मी आधी धुवून द्यायला हवं होतं. फुकटचं म्हणून कसलंही गळ्यात मारलं असं वाटेल हो त्यांना!"

"अगं, होतं असं कधीकधी," बेकरीवाली म्हणाली.

झालं, विषय मिटला होता. काकूंनी मान खाली घालून बसायचं, एवढंच काम उरलं होतं. कापड आटतं, हे कुणालाही पटलं असतं. ताई नवी इमारत बांधत होत्या, तिथल्या पडद्यांचं कामही पुढच्या महिन्यापासून काकूंकडेच आलं असतं. पण कापडवाली डोळे पुसायला लागली, आणि ते काही काकूंना बघवेना.

सकाळी घरातून निघताना नवऱ्याने त्यांना अडवलं होतं. गेलं दीड वर्ष तो रोज नाश्त्याआधी दहा सुया ओवून ठेवायचा, दहा रंगांच्या. "सुया ओवून देईन," तो म्हणाला होता, "सांगशील तिथे टेपही वाचून देईन. पण सभेत तुझ्याऐवजी मी उभा राहू का?"

काकू उभ्या राहिल्या.

"कापड आटलेलं नाही. रडू नकोस गं तू. मी चुकलेय. टेपवरचा आठ मला तीन दिसला. अठ्ठ्याहत्तर हवं होतं, मी त्र्याहत्तर कापलं. मला नीट दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, चष्म्याने भागायचं नाही, नजर अशीच उतरत जाणार. दीड वर्ष मी हे तुमच्यापासून लपवलं."

घंटा वाजली. फोटोवालीने सवयीने वाजवली आणि मग जीभ चावली.

"वाजू दे. बावीस वर्षांत मी काही मागितलं नाही, आज मागते. ते पडदे नीट करायला मला माणूस हवंय."

बाकावरून सुई म्हणाली, "खाली जोडपट्टी लावू, बाई. गडद रंगाची. मुद्दाम केल्यासारखी दिसेल. दोघी बसलो तर दोन दिवसांत होईल."

"आणि ही खुर्ची हिला द्या," काकू ताईंकडे वळून म्हणाल्या.

खोलीत एकच गलका झाला. "नियमच बदलू ना," ताई म्हणाल्या. "दोघी बसा. तुमच्यासाठी एवढं नाही का करणार?"

"सहा वर्षं याच नियमाने मी हिला दाराबाहेर ठेवलं. तेव्हा बदलला नाही. आता माझ्यावर बेतलं म्हणून बदलायचा?"

काकूंनी पिशवी उचलली आणि जिना एकेक पायरी चाचपत उतरल्या. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला बोला, सुईचा थोडा रागही येत होता.

तो राग गुरुवारपर्यंत टिकला नाही. सुईच्या दुकानात समोरासमोर बसून दोघींनी सव्वीस पट्ट्या जोडल्या. सुई मशीनवर शिवायची, काकू शिवणीवरून बोट फिरवायच्या आणि टाका सुटला की नेमका तिथेच थांबायच्या. "डोळ्यांनी मला कधी सापडला नसता," सुई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी वॉर्डात सुई स्टुलावर चढून कड्या अडकवत होती. काकू खाली पडद्याचं टोक धरून उभ्या होत्या. पडदे आता गादीच्या चांगले खाली येत होते. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या एका मुलीने आपला पडदा तीनदा ओढून पाहिला, आणि चौथ्यांदा पूर्ण ओढून घेऊन आत गप्प पडून राहिली.

सिस्टर वही घेऊन आली. "आभाराचं पत्र पाठवायचंय. पडदे कोणी शिवले म्हणून लिहू?"

सुईने वरून काकूंकडे पाहिलं. काकूंनी तिचं नाव सांगितलं, आडनावासकट.

"आणि तुम्ही?"

"मी हिच्या मदतीला आलेय," काकू म्हणाल्या, आणि पुढचा पडदा उचलून त्यांनी तो वर तिच्या हातात दिला.