गंगाराम तांडेलाचा हिरवा फेस

सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण पूर्णगडच्या गंगाराम तांडेलाच्या चहाला जो फेस येई, तसा उभ्या जपानात कुणाच्या बापाला आला नसेल. चहा म्हणजे आपला आलं-साखरेचा नव्हे. हिरवी पूड, माचा म्हणतात तिला. फेस इतका दाट, की माशी पाय न भिजवता वाडग्याच्या या काठावरून त्या काठावर चालत जाई. मध्ये दमली तर टेकायचीसुद्धा.

पूड पाठवायची मनिषा, त्याची एकुलती लेक. ती जपानात म्हाताऱ्यांच्या आश्रमात सेवेला. तिची ड्युटी सुटायची तेव्हा इकडे दुपार कलत असे. मग मोबाइल समोर ठेवून ती तिकडे आणि हा इकडे, रोज सोबतीने चहा घ्यायचे. पूड चाळायची, उकळलेलं पाणी जरा निवू द्यायचं, बांबूच्या इवल्याशा रवीने भराभर घुसळायचं. गंगाराम मोबाइल अशा बेताने टेकवी, की तोंड दिसावं, फेस आला की वाडगा दिसावा. हात तेवढा दिसू नये.

काल मात्र घोटाळा झाला. मनिषा म्हणाली, "आप्पा, इथल्या आज्यांना तुमच्या फेसाचं वेड लागलंय. उद्या हात दाखवा, कसं घुसळता ते बघायचंय त्यांना."

तेव्हापासून गंगारामचा पाय घरात ठरेना. ओटीवर जाई, परत येई. पाणी तापवलं, ओतून दिलं, पुन्हा तापवलं. उजवा हात बगलेत दाबून बघितला, तर खांदाच हलायला लागला.

शेजारची गोदूबाई बांगडे घेऊन आली नि दारातच थबकली.

"काय ओ भावजी, अंड्यावर आलेल्या कोंबडीवानी काय फिरताव?"

"आज ती हात बघणार गो."

"मग बघू दे! डाक्टरान कंपवात सांगितलान. तुमी काय चोरी केलीव?"

"पुढल्या महिन्यात तिची तिकडची नर्सची परीक्षा हाय. कळलं तर पोर पुस्तकं टाकून घरी येल. आईच्या दुखण्यात बारावी सोडून बसलेली, विसरलीस?"

गोदूबाई बांगडे ताटलीत टाकत म्हणाली, "मारा मग थापा. त्या मारताना नाय कापत तुमचा हात."

फोन वाजला. मनिषाच्या खांद्यांवरून पांढरी डोकी वाकली. गंगारामने रवी धरली. धरली एवढंच, पुढचं हाताने आपलं आपण केलं. वाडग्यात हिरवं वादळ उठलं, फेस काठाला आला. पलीकडे टाळ्या वाजल्या.

"कुठे शिकलात म्हणून विचारतायत, आप्पा."

"शिकतोय कसला! त्यांना सांग, भर समुद्रात जाळ्यात करंट मासा आला. बैलाएवढा! खलाशी पळाले, मी उघड्या हातानं धरला. किनाऱ्याला येईपर्यंत बोटीवरचे दिवे त्याच्यावर पेटलेले. मासा सोडला, पण करंट हातात राहिला. आता गावातली लाइट गेली, की वायरमन आधी मला उठवायला येतो."

मनिषा हसत हसत त्यांना समजावून सांगू लागली. आज्या खिदळल्या. गंगारामला उधाण आलं. त्याने रवी बाजूला ठेवली आणि त्याच हाताने वाडगा त्यांच्यासमोर उंच धरला. हिरवे थेंब मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले.

एक आजी तेवढी हसत नव्हती. तिने आपला सुरकुतलेला हात हळूच मोबाइलसमोर आणला. तोही तसाच, त्याच लयीत थरथरत होता. ती मनिषाच्या कानाशी काहीतरी बोलली.

मनिषाचं हसू थांबलं.

"मासा खोटा आहे, आप्पा. रवी खाली ठेवलीत, तरी हात घुसळतोच आहे."