वैमानिकाची बॅग आणि घरचं घड्याळ

मी एक जुनी काळी बॅग आहे, वैमानिकाची. मित्रांनो, माझे कोपरे झिजलेत, एक चाक कुरकुरतं, पण तोरा अजून कायम आहे.

पूर्वी माझ्या पोटात विमानाच्या माहितीचे जाडजूड ग्रंथ असत. पुढे ते सगळे एका टॅब्लेटमध्ये मावले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे धूळ खात पडले, त्याचं फार वाईट वाटलं.

मग कॅप्टनसाहेबांच्या मनाने घेतलं, व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घ्यायची. पुढेमागे वैमानिकांच्या ड्युट्या लावणाऱ्या खात्यात जायचं होतं. लेकीचे वाढदिवस फोनवरून साजरे करून त्यांचा जीव विटला होता.

पूर्णवेळ कॉलेज म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं.

"रविवारचे वर्ग असतात की," साहेब म्हणाले.

बायको हसली. "तुझा रविवार कधी रविवारी आलाय?"

शेवटी घरबसल्या, म्हणजे त्यांच्या बाबतीत हॉटेलबसल्या, करायचा अभ्यासक्रम ठरला. त्याची पुस्तकं चांगली जड होती. मला माळ्यावरून उतरवून पुसलं गेलं आणि मी अगदी फुलून गेले.

प्रवेशाची मुलाखत ऑनलाइन होती. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, मला शेजारी घेऊन बसले. समोर कुणीच नाही! वैमानिकांचं घड्याळ साऱ्या जगासाठी एकाच वेळेवर लावलेलं असतं; कुठल्याही गावी उतरा, ते तेच सांगतं. सवयीने साहेबांनी मुलाखतही त्याच घड्याळाने धरली होती. ती केव्हाच होऊन गेली होती. साहेबांचा चेहरा उतरला. माझाही जीव खालीवर झाला, कारण प्रवेश हुकला तर माळा ठरलेला.

"बाबा, विमान वेळेवर नेतोस आणि स्वतःच लेट?" लेक म्हणाली. "फोन कर ना त्यांना. झालं ते सांगून टाक."

साहेबांनी चाचरत सगळं सांगितलं. पलीकडच्या प्राध्यापिका खो खो हसल्या. "उद्या या. पण आमच्या घड्याळाने हं!"

प्रवेश मिळाला. लेकीने आपलं जुनं घड्याळ घरच्या वेळेवर लावून माझ्या मुठीला बांधलं. मग कुठल्याही हॉटेलात पुस्तक उघडण्याआधी साहेब ते बघत आणि ती झोपायच्या आत फोन करत.

आता ते ड्युट्या लावतात. लेकीच्या यंदाच्या वाढदिवसाला घरी होते आणि मी दाराशी उभी होते, रिकामी पण खूश.

मित्रांनो, जुनी वस्तू माळ्यावर टाकण्याआधी एकदा उघडून बघा. तिच्यात अजून बरंच मावतं. माझं चाक कुरकुरलं तरी चालेल. मुठीवरच्या त्या घड्याळाचा सेल तेवढा संपू देऊ नका.