धाकटी नमुना म्हणून गेली

मित्रांनो, या गोदामात शिरलात तर डाव्या हाताला खोक्यांच्या थप्पीखाली तुम्हाला एक काळपट लोखंडी टेबल दिसेल. ते टेबल नव्हे. मी एक जुनी सरफेस प्लेट आहे. सपाट असणे हेच माझे काम. यंत्राचा एखादा भाग खरोखर सपाट आहे का हे पाहायचे असले, की तो माझ्यावर ठेवत. ऐकायला सोपे वाटते. मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते.

ओतीव लोखंडाच्या एकाच घाण्यातून आम्ही तिघी निघालो: थोरली, मी मधली आणि धाकटी. नव्या लोखंडात आतून ताण असतो. तो हळूहळू सुटतो, आणि सुटताना लोखंड किंचित वाकते. म्हणून आम्हाला दोन वर्षे अंगणात नुसते पडू दिले. काय वाकायचे ते आत्ताच वाकून घ्या, असे जणू सांगितले.

मग आम्ही निळूकाकांच्या हाती आलो. त्यांची बोटे कायम निळ्या रंगात बुडालेली, म्हणून हे नाव. ते एका प्लेटवर निळा रंग अगदी पातळ पसरत आणि दुसरी तिच्यावर पालथी घालून फिरवत. जिथे उंचवटा, तिथे निळा डाग उमटे. तो डाग ते धारदार पात्याने खरवडत. पुन्हा रंग, पुन्हा डाग, पुन्हा पाते. डाग सगळीकडे सारखे उमटू लागले, की दोघी जुळल्या.

पण जुळल्या म्हणजे सपाट झाल्या, असे नाही. एकीचे पोट जरासे वर असेल आणि दुसरीचे तेवढेच आत, तरी त्या दोघी झकास जुळतात. म्हणून तिसरी लागते. तिघींतल्या कोणत्याही दोघी जुळल्या, तरच तिघी सपाट. काकांनी आमच्यावर चौदा महिने घालवले. शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हाला तेल लावले आणि म्हणाले, "आता कुणाची लबाडी चालायची नाही."

त्यानंतर सव्वीस वर्षे आमच्या आधाराने लहान प्लेटी तयार झाल्या. त्या प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत जात. विभागात सहा माणसे होती. सगळ्यांत शेवटी आली काकांची पुतणी. ती कॉलेजातून आली होती आणि प्रत्येक गोष्टीला 'किती' असे विचारायची. काका चिडवायचे, "बाई गं, तुला जेवतानासुद्धा घास किती मिलिमीटरचा ते सांगावं लागेल." पाहुणे येत, माझ्यावर तळहात फिरवत आणि म्हणत, काच आहे की लोखंड? त्या काळात मला रोज पुसले जाई.

मग एक दिवस मालकांनी सगळ्यांना बोलावले. हेच काम दूरच्या एका देशात निम्म्या खर्चात होते आहे, असे ते म्हणाले. तिकडच्या लोकांना दाखवायला एक नमुना हवा होता. आठवडाभरात धाकटी लाकडी पेटीत बसली.

"मालक, तिघींतली एक गेली, तर उरलेल्या दोघींचा भरवसा राहत नाही," काका म्हणाले.

"दोन आहेत ना अजून? तीन महिन्यांवर निवडणूक आहे. निकाल लागू दे, मग धोरण बघून ठरवू. तोवर लहान प्लेटींचे चाळीस नग द्या. एकही परत आला नाही, तर विभाग बंद करायला माझ्याकडे कारणच राहणार नाही."

त्या चाळीस नगांवर सहा घरे टांगली गेली.

निवडणुकीचा जोर वाढला तसे उमेदवार कारखान्यात येऊ लागले. पहिले आले ते म्हणाले, बाहेरच्या मालावर जबर कर लावू, म्हणजे काम आपोआप परत येईल. पुतणीने विचारले, "किती टक्के? आणि कधीपासून?" ते म्हणाले, "ताई, तुमचा मुद्दा आम्ही नोंदवून घेतलाय." नोंदवायला कुणाच्याच हातात कागद नव्हता. दुसरे उमेदवार म्हणाले, कर वाढवून काही होत नाही. कारखान्यांनाच करात सूट देऊ, म्हणजे ते इथेच राहतील. तिने विचारले, "सूट घेऊन काम बाहेरच पाठवलं तर?" ते हसले. "उद्योजकांवर विश्वास ठेवावा लागतो." दोघांनीही माझ्या पाठीवर थाप मारून फोटो काढून घेतला. दुसऱ्या उमेदवारांनी निळ्या रंगाचा हात स्वतःच्या पांढऱ्या शर्टाला पुसला. महिनाभरातला तेवढाच एक हशा मी ऐकला.

इकडे कामाची घाई होती. थोरली मधोमध झिजत चालली होती, कारण सगळे नग तिच्या मध्यावरच ठेवले जात. काका मला तिच्याशी जुळवत. तिचे पोट आत गेले, म्हणून जुळताना माझ्या कडा खरवडल्या गेल्या आणि माझे पोट वर राहिले. आमच्यावर निळे डाग मात्र सुरेख, सारखे उमटत होते. मला बोलता आले असते, तर मी सांगितले असते.

पुतणीला शंका आली. ती म्हणाली, "काका, एकदा बाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासून आणू या."

"मालक म्हणतात, निकालानंतर. आणि सव्वीस वर्षांचा हात आहे माझा. याला कळत नाही होय?"

"हाताला खरखर कळते, काका. केसाच्या दहाव्या भागाएवढं पोट हाताला नाही कळत."

 त्या दिवशी काकांनी डबा एकट्यानेच खाल्ला. पुढचे सगळे नग माझ्यावर जुळवले गेले.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात चाळीस नग रवाना झाले. निकाल लागला. कोण जिंकले ते मला ठाऊक नाही. बाहेर ढोल वाजले आणि आत पात्यांचा आवाज नेहमीसारखा चालू राहिला. दहा दिवसांनी अकरा नग परत आले. प्रत्येकावर चिठ्ठी होती: मध्यभागी खोलगट.

मालकांनी चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. नव्या सरकारचे धोरण यायला अजून वर्ष लागेल, असेही सांगितले. पुतणी उभी राहिली. "धाकटीच्या पेटीवर तिकडच्या तुमच्याच नव्या कारखान्याचा पत्ता छापलेला होता, मालक. म्हणजे जागा आधीच ठरली होती. हे नग निव्वळ निमित्त आहेत."

काकांनी तिला खाली बसवले. "ठरली असेल. पण खोलगट नग माझ्या हातून गेलेत. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही." मग ते मालकांकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे. लिहून घ्या."

मालकांनी खरोखर लिहून घेतले. महिनाअखेरीस विभाग बंद झाला.

आता या खोलीत तिकडून आलेल्या लहान प्लेटींची खोकी उतरतात. पुतणी त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवते. बाकी चौघे कुठे गेले, मला माहीत नाही. थोरली भंगारात गेली. काका फाटकापाशी राखणदार म्हणून बसतात. एका सुट्टीच्या दिवशी पुतणी त्यांना इथे घेऊन आली होती. तिने खोकी बाजूला केली, रंगाची डबी काढली आणि म्हणाली, "मला हिचं पोट उतरवायला शिकवा." काकांनी पाते हातात घेतले आणि परत ठेवले. "कशासाठी गं?" त्यांनी विचारले. तिने डबी मिटली आणि खोकी पुन्हा माझ्यावर रचली. 

मित्रांनो, उद्या तुम्हीही मत द्याल. काम परत आणू, असे कुणी म्हणाले, तर त्याला नुसते टक्के विचारू नका. ते परत येईपर्यंत ज्यांना ते येते त्यांचे हात कुठे असतील, हेही विचारा. लोखंड अंगणात दोन वर्षे पडून सुधारते. हात तसा पडून सुधारत नाही.

आणि माझ्यासाठी एकच मागणे आहे. खोकी थोडी सरकवा आणि तेलाचे बोट फिरवा. उजव्या कोपऱ्यात गंज धरला आहे. अजून तो फडक्याने निघतो.