जीपचा हिरवा हूड

यादोरावची जीप चालत नाही हे सानगडीतलं शेंबडं पोरही सांगेल. बॅटरी कधीच मेली होती, टायर अंगणातल्या मातीत रुतले होते, आणि तरी त्याची बायको पार्वताबाई रोज सकाळी फडकं घेऊन तिचं बोनेट पुसायची. लोक हसायचे. हसू द्या. लोकांच्या बापाचं काय जात होतं?

यादोरावनं उभी हयात त्या जीपवर सवाऱ्या वाहिल्या. साकोली, लाखांदूर, जिकडं म्हणाल तिकडं. अलीकडं मात्र त्याच्या डोक्यातलं एकेक पुसलं जात होतं. आधी नातवांची नावं गेली, मग पोरीचं गेलं, आणि एक दिवस बायकोच गेली. घरात तो पार्वताबाईला म्हणायचा, “बाई, जरा पाणी देता का?” इतक्या अदबीनं, जसं पाहुण्यानं मागावं. ज्याच्याबरोबर संसार केला त्यानं आपल्याला ‘बाई’ म्हणावं! शिवी दिली असती तरी परवडली असती.

पण संध्याकाळी तो जीपमध्ये जाऊन बसायचा, स्टेअरिंग धरायचा आणि पार्वताबाई शेजारी बसली की मान वळवून म्हणायचा, “पार्वता, बसली का बराबर? पदर सांभाळ.”

“बसली जी,” ती म्हणायची.

बस, एवढंच. मग दोघं अंगणातल्या अंगणात अंधार पडेपर्यंत बसून राहायची. त्या एका हाकेवर ती पुढचा सगळा दिवस काढायची.

आता जीपचं छप्पर कापडी. लोखंडी कमानींवर ताणलेलं, मागं लोटलं की गाडी उघडी. हूड म्हणतात त्याला. तो खाकी हूड उन्हानं पार पापड झाला होता आणि भोक पडलं तेही नेमकं स्टेअरिंगच्या डोक्यावर. ऐन पावसाळ्यात यादोराव भिजला, छाती भरली आणि त्याला साकोलीला दवाखान्यात ठेवावं लागलं. लेक भावना जवाहरनगरहून धावत आली. तिचा नवरा तिथं फॅक्टरीत.

“आई, भंगारात दे ते जीप,” भावना म्हणाली. “बाबा असेच भिजले त पुढच्या खेपेले हाती लागणार नाहीत.”

जीप गेली तर मला पार्वता कोण म्हणेल, हे पार्वताबाईनं पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

यादोराव बरा होऊन घरी आला, लेक परत गेली, तसं तिनं साकोलीच्या कमलेशला बोलावलं. गाड्यांच्या सीटा, हूड शिवायचं त्याचं दुकान. तयार हूड नागपूरहून येतो, पण त्याची किंमत ऐकूनच तिनं कानाला हात लावले. कमलेश भला माणूस.

“काकू, कापड मी मापून कापून देतो. तुमच्याकडे मशीन आहे, शिलाई तुम्ही मारा. अर्ध्याहून कमीत होऊन जाईन,” तो म्हणाला. “फक्त खाकी नाही माह्याकडे. हिरवी ताडपत्री उरली आहे, एकदम मजबूत.”

“रंगाचं काय करतं? पाणी थांबल्याशी मतलब,” ती म्हणाली.

नवा हूड बेतायचा तर जुना उसवावा लागतो. त्याचे तुकडे नव्या कापडावर ठेवायचे, खडूनं रेघ मारायची आणि कापायचं; तेच त्याचं माप. पार्वताबाईनं ब्लेड घेऊन स्वतः एकेक शिवण उसवली. हौसेनं बसली होती बिचारी. आयुष्यभर गावच्या बायकांची पोलकी शिवली, ताडपत्रीला काय भ्यायचं? दोन सुया मोडल्या, बोटं सोलून निघाली, पण हूड असा शिवला की कमलेशही म्हणाला, काकू, माह्या दुकानात येता का कामाले?

आणि जुने तुकडे? त्या घरात चिंधीसुद्धा फेकायची रीत नव्हती. तिनं ते सोड्याच्या पाण्यात उकळले, धोपटले, वाळवले. तेलाचा, विडीचा, माणसाचा सगळा वास निघून गेला. मोठ्या तुकड्यावर डाळ वाळत घातली आणि एकाचं पायपुसणं केलं.

हिरवा हूड चढवला त्या संध्याकाळी ती नवऱ्याला हाताला धरून अंगणात घेऊन आली. शेजारची मंगलाबाई कौतुकानं कुंपणाशी उभी होती. यादोराव जीपपाशी आला आणि थांबला.

“कोणाची गाडी आहे हे?”

“आपलीच जी. बसा ना.”

“दुसऱ्याच्या गाडीत कायले बसू? माहा हूड खाकी आहे.” त्याचा आवाज चढला. “माही गाडी कोठं नेली, बाई?”

तिनं बोनेट दाखवलं, नंबर वाचून दाखवला, हात धरून सीटवर बसवायला गेली. त्यानं हात झटकला आणि गाडी शोधत सरळ रस्त्यानं निघाला. लोकांनी स्टँडवरून परत आणला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. करायला गेली एक आणि होऊन बसलं भलतंच.

“रोग वाढला, आई. कापडाचा काय दोष?” भावना फोनवर म्हणाली. खरंही असेल. पण पार्वताबाईला कोण समजावणार? आपल्या हातानं आपण आपलं नाव उसवलं, असंच तिला वाटत होतं, आणि ती रडायची ती तोंडात पदर कोंबून.

शेवटी तिनं डाळ उचलून सुपात भरली, पायपुसणं झटकलं आणि सगळे तुकडे पुन्हा जोडायला घेतले.

“काकू, कुजलं आहे कापड,” कमलेश म्हणाला. “सुई घालान तिथं फाटन.”

“फाटू दे. तू हिरवा उतरव.”

मशीन चालेना, म्हणून ती हातानं शिवत बसली. जुन्या भोकांतूनच दाभण घातलं, जिथं कापड पुरलं नाही तिथं गोणपाट लावलं. हूड कमानींवर चढला तेव्हा भिकाऱ्याच्या झोळीसारखा लोंबत होता. पार्वताबाईला तो सोन्याचा दिसला.

यादोराव आला. जीपभोवती फिरला, कापडावरून हात फिरवला आणि हसला. किती दिवसांनी हसला! मग मुकाट्यानं आत शिरून त्यानं स्टेअरिंग धरलं. पार्वताबाई लगबगीनं दुसऱ्या बाजूनं चढली, पदर सावरून बसली आणि वाट पाहू लागली.

त्यानं मान वळवली. बराच वेळ तिच्याकडं पाहिलं.

“बाई, राग नका मानू,” तो म्हणाला, “पण इथं नका बसू. इथं आमची पार्वता बसते.”

तिनं विचारलं, “कोठं गेली ते?”

“हुडाले कापड आणाले गेली. येतेच आता.”

पार्वताबाई खाली उतरली. पाऊस भुरभुरायला लागला होता. ती जीपच्या बाजूला, भिंतीला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं आतून त्यानं विचारलं, “बाई, ते दिसते का कोठं?”

“येऊन राहिली,” ती म्हणाली. “तुमी बसा.”